उसनी झोप

आमच्या घरात झोपेची वाटणी कधी सारखी झालीच नाही. मी उशीला डोकं टेकलं की संपले; शेजारी डीजे लावा, मांजरांना भांडू द्या, मला पत्ता नसतो. आणि आमचे हे रात्रभर वरच्या पत्र्याकडे बघत पडलेले. सकाळी मी आळोखेपिळोखे देत उठले की माझ्याकडे असे बघायचे, जणू त्यांच्या ताटातली भाकर मीच उचलून खाल्ली. मला राग यायचा. मी काय त्यांची झोप चोरली होती? पण रागाच्या खाली लाजही होती, ती नाकारत नाही. शेजारी माणूस तळमळतोय आणि आपण घोरतोय, याची लाज वाटतेच.

मी संजीवनी. ह्यांचं नाव इंद्रभान. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढं पुरे झालं, इथं मी 'हे' असंच म्हणणार. सुलतानपुरात रस्त्याला लागून आमचं घर आहे. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन, ब्लाउज आणि परकर शिवते. गावाबाहेर ह्यांचा भाजीचा मळा: वांगी, मिरची, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्याकडच्या लोकांसाठी सांगून ठेवते, नाही तर ते इडली घेऊन येतील.

ह्यांची झोप लाईनीनं खाल्ली. शेताची लाईन, म्हणजे वीज, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, असा आमच्याकडे नेम. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन निघायचं, मोटर चालू करायची आणि उजाडेपर्यंत या वाफ्यातून त्या वाफ्यात पाणी वळवत चिखलात उभं राहायचं. पुढच्या आठवड्यात लाईन दिवसा, म्हणजे रात्री निजायचं. असं कित्येक वर्षं चाललं. शेवटी सोलर पंप बसला. ऊन पडलं की पाणी, दिवस मावळला की सुट्टी. मी म्हटलं, सुटलो एकदाचे. पण लाईनीची कटकट गेली आणि झोप काही परत आली नाही.

उपाय काय कमी केले? खसखस वाटून दुधात दिली, जायफळ उगाळून दिलं, तळपायाला काशाच्या वाटीनं तूप घासलं. एका बाईनं सांगितलं म्हणून लोणारला देवळातल्या धारेखाली आंघोळ घालून आणलं, तर सर्दी झाली. आमची प्रतीक्षा, एकुलती एक पोर, चिखलीला दिली आहे; ती फोनवरून नियम सांगायची. चहा बंद करा, रोज एकाच वेळी अंथरुणात पडा, झोपताना मोबाईल बघू नका. ह्यांचा मोबाईल बटणांचा, त्यात बघायचं तरी काय? डॉक्टरनं गोळ्या दिल्या. गोळीनं हे पडायचे खरे, पण सकाळी उठल्यावर म्हणायचे की नुसता अंधार झाला, झोप झालीच नाही. एकदा त्या गुंगीत मळ्यातल्या पाण्याच्या दांडात तोंडावर पडले, तेव्हापासून गोळ्याही बंद झाल्या.

मग अन्नपूर्णाबाई वारल्या.

आमच्या शेजारच्या भगवंतरावांची ती आई. पिकलं पान होतं, दिवेलागणीला गेली. धाकटा मुलगा सुरतला, लेकी लांब, म्हणून माती सकाळी करायची ठरली. आमच्याकडे मयत रात्रभर एकटं ठेवत नाहीत. डोक्याशी दिवा असतो, तो विझू द्यायचा नाही; मांजर अंगावरून जाऊ द्यायचं नाही; कोणीतरी जागं माणूस जवळ बसलेलं पाहिजे. भजनी मंडळ थोडा वेळ टाळ कुटून घरी गेलं. घरचे रडून रडून थकलेले. मग भगवंतरावच म्हणाले की इंद्रभान बसला तर बरं, त्याला तसंही जागणंच आहे. लोक हसले नाहीत, पण मला ते लागलं. माणसाचं दुखणं ते माणसाचं दुखणं, त्याचा असा वापर करतात का? हे मात्र मुकाट्यानं जाऊन भिंतीला टेकून बसले.

उजाडायच्या सुमारास मी चहा घेऊन गेले. अन्नपूर्णाबाई आपल्या जागेवर, दिवा मिणमिणत होता, आणि त्यांच्या शेजारी आमचे हे जमिनीवर कुशीला वळून गाढ झोपले होते. साधं झोपलेले नाही. तोंड उघडं, हात गालाखाली, लहान पोर झोपतं तसे. मयताच्या आणि ह्यांच्या मध्ये जेमतेम वीतभर जागा होती. ह्यांचं तोंड तिच्याकडे होतं. माझ्या अंगावर काटा आला. लोकांनी बघितलं तर काय म्हणतील, म्हणून उठवायला हात पुढे केला, आणि उठवता येईना. इतक्या वर्षांनी त्या चेहऱ्यावरच्या रेघा मोकळ्या झालेल्या मी बघत होते. मी दिव्यात तेल घातलं आणि त्यांच्या जागी स्वतः बसून राहिले.

माती देऊन आल्यावर त्यांनी पोटभर जेवण केलं. मग मला हळूच म्हणाले की झोपेत कोणीतरी आपल्या अंगावर वाकळ टाकली. बांगड्यांचा आवाज आला, असंही म्हणाले. मी म्हटलं, तिथं वाकळ नव्हती आणि तुमच्या अंगावर काही नव्हतं, मी डोळ्यांनी बघितलं. त्या रात्री ते पुन्हा पत्र्याकडे बघत पडले.

पुढच्या मयताला हे न बोलावता गेले, आणि त्याच्या पुढच्याही. गावात ह्यांचं नाव झालं. इंद्रभानसारखा माणूस नाही, म्हणे, कोणाच्याही दुःखात रात्र रात्र बसतो. मी कौतुक ऐकायची आणि आतून जळायची, कारण हे तिथं कशासाठी जातात ते मला माहीत होतं. घरचे आत कलंडले की हे मयताशेजारी आडवे व्हायचे आणि उजाडायच्या आत उठून बसायचे. बाहेर कोणी गेल्याची बातमी आली की हे टॉवेल खांद्यावर टाकून निघायला घाई करत. भुकेल्या माणसाला पंगतीची बातमी लागावी, तसं. एकदा मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, लाज वाटू द्या थोडी.

ते दारातच बसले. म्हणाले, "जाणाऱ्याची झोप उरते वं. त्याले ते लागत नाही. मले देऊन जातात ते. मी कोनाची हिसकून नाही घेत."

मी त्यांना जाऊ दिलं. काय करणार होते? झोपेवाचून माणूस कसा होतो ते मी रोज बघत होते. हात थरथरायचे, वांगी तोडताना बोट कापायचं, बोलता बोलता शब्द हरवायचा.

फारुखभाई हा ह्यांचा जुना दोस्त. बसस्टँडजवळ त्याचं गाद्यांचं दुकान. कापूस पिंजायचं मशीन धडधडत असायचं आणि फारुखभाई नखशिखांत पांढरा होऊन त्यातून बाहेर यायचा. एका दुपारी त्यानं कोणाच्या तरी हाती मला निरोप धाडला. मी घाबरून गेले, तर दुकानात मागच्या बाजूला, पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर, आमचे हे झोपलेले. मशीन चालू होतं, रस्त्यावर बसचे भोंगे वाजत होते, आणि हे घोरत होते.

फारुखभाईनं तोंडावर बोट ठेवलं. "भाभी, उठवू नका. गप्पा मारता मारता आडवा झाला. माह्या कापसात जादू हाय, मी सांगत नव्हतो?"

तिथं कोणी मेलेलं नव्हतं. हे मी आधी बघून घेतलं, आणि इतका आनंद झाला की तिथंच रडले. म्हणजे मयताबियताचं सगळं खोटं. ह्यांना फक्त चांगली गादी पाहिजे होती, आणि मी मूर्ख बाई इतकी वर्षं त्या दगडासारख्या जुन्या गादीवर त्यांना निजवत होते. मी फारुखभाईला म्हटलं, हाच कापूस पाहिजे, ज्यावर हे झोपलेत तोच, दुसरा चालणार नाही. तो हसला. म्हणाला, आजच शिवतो. बाकीची कामं बाजूला ठेवून त्यानं गादी शिवली, चारही कडांना टाके मारले आणि संध्याकाळी स्वतः डोक्यावर घेऊन आला. ओट्यावर बसून चहा प्याला. जरा थकल्यासारखा दिसत होता, पण दिवसभर मशीनवर राबलेला माणूस थकणारच.

नवीन गादीवर चादर घातली. हे पडले. मीही पडले आणि झोपले, माझं काय विचारता. सकाळी उठले तर हे गादीवर ताठ बसलेले, डोळे लाल. मशिदीच्या भोंग्यावरून मयतीची खबर सांगत होते. पहाटेच्या नमाजाला उठलेला फारुखभाई वजूचे हातपाय धुता धुता नळापाशी कोसळला आणि गेला.

हे रडले नाहीत. गादीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "काल झोपेत कापसाचा हात अंगावरून फिरला. मले वाटलं कापूसच हाय." मी त्यांचा खांदा धरला, तर ते माझ्यापासून सरकले. "तो जित्ता होता, संजू. चांगला हसत होता, अन् मी त्याची झोप खात होतो."

त्यानंतर ते कोणाच्या मयताला गेले नाहीत. फारुखभाईच्या घरी मात्र आम्ही दोघं जाऊन आलो. त्याची बायको गुलनार आतल्या खोलीतून बोलली, की गादी नीट झाली का, त्यांना काळजी होती. मी हो म्हटलं. ती गादी मी गुंडाळून माळ्यावर टाकली आणि पुन्हा काढली नाही.

तरी मी मनाशी म्हणत होते की योगायोग असेल. मग कारभारीकाकांचं झालं. काका म्हणजे ह्यांचे चुलते, हिवरा आश्रमला राहायचे. मोरीत घसरून पाय मोडला, प्लास्टर घातलं, म्हणून आम्ही केळी घेऊन भेटायला गेलो. काका खुशीत होते. सरकार कसं चुकतंय ते मला समजावून सांगत होते. मी हूं हूं करत होते आणि शेजारच्या खुर्चीवर ह्यांची मान छातीवर गेली. मी कोपरानं ढोसलं. डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि तोंडावरचा रंगच गेला. पुन्हा मान पडली. मी पुन्हा ढोसलं. बाहेर ओसरीत नेलं तर टक्क जागे, आत आणलं की पापण्या मिटायला लागायच्या.

ह्यांनी काकांच्या मुलांना सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण माणूस वाचवायचा तर लाज धरून कसं चालेल? मुलं चांगली होती, हसली नाहीत. त्याच दिवशी गाडी करून काकांना मोठ्या दवाखान्यात नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. काका तिथल्या खाटेवर झोपले ते उठलेच नाहीत. म्हणजे आधी कळून उपयोग नव्हता. हे जागे राहिले काय, झोपले काय, जाणारा जातच होता.

मुलांनी सांगितलं आणि गावोगाव झालं. लोक ह्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. दुकानात जांभई दिली तर दुकानदार सामान न बांधताच हातात द्यायचा. ज्या ओट्यांवर हे वर्षानुवर्षं बसले, तिथल्या बायका ह्यांना लांबून बघितलं की पोरांना आत घ्यायच्या. माझ्याकडे ब्लाउज टाकायलाही भीत, पण कटोरी ब्लाउज दुसऱ्या कोणाला जमत नाही, त्यामुळे नाइलाजानं येत. मी माप घेताना मुद्दाम टेपचा फास जरा आवळायची.

आणि ज्यांच्या घरी दुखणं होतं ते उलट बोलवायला यायचे. रुखमाबाई तर दारातच बसली. सासू महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेली, लेकींना बोलवायचं की नाही ते कळेना, तेव्हा इंद्रभानभाऊंनी नुसतं येऊन जवळ बसावं. माणसाला थर्मामीटर केलं होतं लोकांनी. हे दयेपोटी एकदा गेले, संध्याकाळभर त्या म्हातारीजवळ बसले, आणि जागेच राहिले. रुखमाबाईनं ह्यांना शाल दिली. तिच्या सासूचं सांगायचं तर आता ती उठून बसते आणि भाकरीत मीठ कमी आहे म्हणून भांडते.

मग प्रतीक्षा बाळंतपणाला आली. मला हसू येतं, पण त्या दिवसांत ह्यांच्या जागण्याचा मला जेवढा आनंद झाला तेवढा कधी कशाचा झाला नसेल. हे तिच्या खाटेजवळ खुर्ची टाकून बसायचे. मी दारातून विचारायची, येते का झोप? ते म्हणायचे, बिलकुल नाही. मग मी निवांत निजायची. दवाखान्यातही हे बाळाला मांडीवर घेऊन डोळे फाडून बसले होते, नर्स म्हणाली आजोबांना थोडं झोपू द्या. मी म्हटलं, बाई, तू तुझं काम कर. मुलगा झाला, हरिओम नाव ठेवलं. पोर धडधाकट आहे. सव्वा महिना झाल्यावर जावई येऊन त्यांना घेऊन गेले.

घरात आम्ही दोघंच उरलो.

त्यानंतरची एक दुपार. मी मशीनवर बसले होते, हे उंबऱ्यापाशी लसणाच्या पाकळ्या सुट्या करत होते. लसूण मळ्यात लावायचा होता. मशीनचा आवाज थांबवून मी दोरा ओवत होते आणि ह्यांनी जांभई दिली.

मोठी, सावकाश, डोळ्यांत पाणी आणणारी जांभई. मी सुई धरून तशीच बसले. ह्यांचा हात लसणात थांबला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. मी म्हटलं, ऊन फार आहे आज. ते हो म्हणाले. दुसरी जांभई त्यांनी दात आवळून दाबली, ती नाकातून आली. मग उठले, चपला घातल्या आणि मळ्यात निघून गेले. लसूण तिथंच राहिला.

रात्री आले नाहीत. मी डबा घेऊन गेले तर मळ्यातल्या खोपीपासून लांब उभे. बांधावर डबा ठेव आणि जा, म्हणाले. आवाज टक्क जागा होता. मी मुद्दाम चार पावलं पुढे गेले. माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या पापण्या जड झाल्या, त्यांनी आंब्याचं खोड धरलं. मी मागे सरले, तर नीट उभे राहिले. आणखी काय बघायचं होतं? मी घरी आले आणि दार लावून घेतलं. भीती वाटली, खूप वाटली. अंगाला हात लावून बघत होते की कुठं काय दुखतंय. कुठंच दुखत नव्हतं, त्याचाच राग येत होता. निदान काय होणार ते तरी कळावं.

सकाळी मेहकरला जाऊन डॉक्टरला दाखवून आले. रक्त, कागदावरच्या त्या रेघा, सगळं केलं. डॉक्टर म्हणाले, प्रेशर जरासं वाढलं आहे, बाकी तब्येत छान. झोप कशी लागते? मी म्हटलं, माझी चांगली लागते. प्रतीक्षाला काही कळवलं नाही. तिच्या अंगावर पोर पितं आहे, तिचं दूध आटायचं.

बसमधून उतरले ती घरी न जाता थेट मळ्यात गेले. हे वांग्याच्या ओळीत उभे होते. मला बघून मागे मागे जायला लागले. एवढा मोठा माणूस, आणि बायकोपासून असा पळत होता. मला दया आली आणि संतापही आला. मी बांधावर बसकण मारली आणि म्हटलं की आता मी इथून हलत नाही, तुम्ही पार लोणारपर्यंत पळा.

ते लांबूनच म्हणाले, "तू घरी जा. मी इथंच राह्यतो. जवळ आलो नाही तं झोप येनार नाही. झोप आली नाही तं..." पुढचं त्यांना बोलता आलं नाही.

"काकाच्या टायमाले मी तुमाले किती डाव उठवलं," मी म्हटलं. "वाचले काय ते?"

वाऱ्यानं वांग्याची पानं हलत होती. रस्त्यानं शेतावर निघालेल्या बाया आमच्याकडे बघत गेल्या, बघू दे म्हटलं.

"मले भेव लागते," मी म्हटलं. "लय भेव लागते. मले मरू वाटत नाही, हरिओमचं जावळ पाह्याचं हाय मले. पन तुमी असे दूर पळून राह्यले तं मी तेवढे दिवस बी एकटीच. काऊन असं करता?" माझा आवाज फुटला, तो फुटू दिला. "इकडं या. मी आहो तवर झोपून घ्या. मंग कोनाजवळ झोपसान?"

ते आले. एक एक पाऊल टाकत, गुडघ्यातून वाकत, दारू प्यालेल्या माणसासारखे. माझ्यापाशी पोचेपर्यंत त्यांचे डोळे मिटलेच होते. मांडीवर डोकं ठेवलं आणि रडायला लागले, आणि रडता रडताच झोपले. मी त्यांच्या तोंडावर पदर धरला, ऊन लागत होतं. झोपेत ते पुटपुटले की वाकळ टाकतेस का. मी म्हटलं, हो. माझे दोन्ही हात पदरालाच होते.

आता हे घरीच असतात. दिवसा झोपतात, रात्री झोपतात, जेवून उठतात आणि पुन्हा झोपतात. मी मशीन चालवते, भाकरी टाकते, शेजारी येऊन पडते. गालावर मांस चढलं आहे त्यांच्या, हात थरथरत नाहीत. मी वाट बघत नाही असं कसं म्हणू? छातीत जरा कळ आली की श्वास धरून बसते, आणि ती ढेकर निघते. भगवंतराव काल ओट्यावर आले, आतून घोरण्याचा आवाज ऐकला आणि चहा न घेताच उठले.

रात्रीतून हे मध्येच चाळवतात. डोळे उघडत नाहीत. अंधारात हात चाचपत माझ्या तोंडापाशी येतो, नाकासमोर थांबतो.

"संजू?"

"आहो इथंच," मी म्हणते.

मग हात खाली पडतो आणि ते पुन्हा झोपतात.